फोटो एडिटिंगचं भाडं आणि आमचा चातुर्मास

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आणि नंतर वाचकांच्या पत्रांतही फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या मासिक भाड्यावर बरंच छापून आलं. एका छायाचित्रकार बंधूंनी लिहिलंय की ही सरळ सरळ लूट आहे, पैसे भरायचे थांबलो की कंपनी आपलेच फोटो अडकवून ठेवते, आणि म्हणून क्रॅक केलेली, म्हणजे कुलूप तोडून फुकट चालवलेली कॉपी वापरण्यात काहीच गैर नाही. यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, दुसरं चुकीचं आहे आणि तिसरं मला अजिबात पटलेलं नाही. शाहूपुरीत आमचा स्टुडिओ आहे. शूटिंग नवरा आणि दीर बघतात. कॅमेऱ्यातून कार्ड बाहेर आलं की सिलेक्शन, कलर करेक्शन, रिटचिंग, अल्बमचं डिझाइन हे सगळं माझ्या टेबलावर येतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून हेच काम करते आहे. हा आमच्या पोटापाण्याचा हिशोब असल्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, जागा द्यावी ही विनंती.

लूट म्हणण्याआधी जुने दर आठवायला हवेत. अॅडोब कंपनीने मे २०१३ मध्ये जाहीर केलं की फोटोशॉप सीएस ६ हे कायमचं विकत मिळणारं शेवटचं, यापुढे फक्त भाड्याने. लाइटरूम, म्हणजे फोटो निवडायचं आणि रंग सावरायचं सॉफ्टवेअर, त्यानंतरही काही काळ विकत मिळत होतं. २०१५ ला आलेलं लाइटरूम ६ हे त्यातलं शेवटचं, आणि २०१७ संपताना त्याचे अपडेटही थांबले. सीएस ६ फोटोशॉपची अमेरिकेतली किंमत होती ६९९ डॉलर आणि लाइटरूमची १४९. दोन्ही मिळून ८४८ डॉलर. छायाचित्रकारांसाठी दोन्ही एकत्र देणारी भाड्याची योजना होती महिना ९.९९ डॉलरची, म्हणजे वर्षाला ११९.८८. विकत घेण्याच्या रकमेत सात वर्षांहून जास्त काळाचं भाडं भागत होतं. शिवाय विकत घेणाऱ्याला नवीन आवृत्ती आली की अपग्रेडचे पैसे वेगळे मोजावे लागायचे. त्या काळात ६९९ डॉलर मोजून फोटोशॉप घेतलेला एकही छोटा स्टुडिओ मला तरी आपल्या गावात माहीत नाही. जे वापरात होतं ते कुठून आलं होतं, हे धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आमच्यासारख्यांना रीतसर, बिलासकट सॉफ्टवेअर वापरणं परवडायला लागलं ते या भाड्यामुळेच, हे आधी मान्य केलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. दर ठरवणं भाडेकरूच्या हातात नसतं. १५ जानेवारी २०२५ पासून ती ९.९९ डॉलरची, ऑनलाइन २० जीबी जागेची योजना नव्या ग्राहकांना बंद झाली. नव्याने येणाऱ्याला फोटोशॉप आणि लाइटरूम दोन्ही हवं असेल तर १ टीबीची, १९.९९ डॉलरची योजना. आधीपासून असलेल्यांपैकी जे महिन्याच्या महिन्याला भरत होते त्यांचा दर ९.९९ वरून १४.९९ झाला. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांचा तेवढा तसाच ठेवला. दीडपट वाढ, आणि तीही वर्षाचे पैसे एकदम काढू न शकणाऱ्यावर, म्हणजे ज्याचा हात आधीच आखडता आहे त्याच्यावर. नव्या ग्राहकाच्या १९.९९ डॉलरच्या दराने तोच हिशोब मांडला तर विकतच्या रकमेत सात नव्हे, साडेतीन वर्षंच निघतात. आपल्याकडचे रुपयातले दर वेगळे असतात, पण वाढीची दिशा तीच. वर १८ टक्के जीएसटी. ज्याची उलाढाल २० लाखांच्या आत आहे आणि जीएसटीची नोंदणी नाही, त्याला तो कुठे वळताही करता येत नाही. आपल्या जिल्ह्यातले पेठांतले, तालुक्याच्या गावांतले किती स्टुडिओ त्यात बसत असतील, याचा अंदाज कुणीही करावा.

तरीही माझी तक्रार दरापेक्षा वेगळ्याच गोष्टीची आहे. भाडं बारा महिन्यांचं आहे आणि आमची कमाई बारा महिन्यांची नाही.

तुळशीचं लग्न लागलं की आमची लगबग सुरू होते ती आषाढी एकादशीपर्यंत. चातुर्मासात मुहूर्त नाहीत. यंदा तर अधिक ज्येष्ठ आला. १७ मे ते १५ जून, म्हणजे शाळांना सुट्टी, पाहुणे गावात आणि ऊसबिलाचे पैसे हातात असण्याचा सगळ्यात चांगला महिना, तोच कोरडा गेला. आता श्रावण-भाद्रपदात दुकानात येतात ते पासपोर्ट फोटोवाले, शाळेची ओळखपत्रं, एखादं बारसं, पुढे मंडळांचे गणपती. पासपोर्ट फोटोला लाइटरूम लागत नाही. पण बँकेचा मेसेज मात्र श्रावणातही तेवढ्याच नेमाने येतो: उद्या अमुक रक्कम खात्यातून वजा होईल.

या मेसेजबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुष्कळ जण तो न वाचताच पुसून टाकतात. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे आपोआप जाणारे पैसे वजा होण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं, आणि जून २०२२ पासून १५ हजारांच्या वरची रक्कम ओटीपी दिल्याशिवाय जात नाही. पण फोटो एडिटिंगचा महिन्याचा हप्ता १५ हजारांच्या कितीतरी आत बसतो. म्हणजे तुम्ही तो एक मेसेज वाचला नाही तर पुढच्या वर्षाचा करार झालाच. आणि 'वार्षिक करार, मासिक हप्ता' असं जे असतं, त्यात पहिले १४ दिवस उलटल्यावर मध्येच बाहेर पडलं तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे द्यावे लागतात. ही अट ग्राहकाला नीट दिसेल अशी सांगितली जात नाही, असा आरोप करत अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये अॅडोबवर खटला भरला. आपल्याकडे तरुण पोरं मे महिन्याच्या गर्दीत हप्ता सुरू करतात आणि ऑगस्टमध्ये विचारतात, 'वैनी, हे बंद कसं करायचं ओ?' त्यांना वाटतं महिन्याचं आहे. ते वर्षाचं असतं.

आमच्या सासऱ्यांना, आण्णांना, मी हा सगळा हिशोब एकदा कागदावर मांडून दाखवला. त्यांनी हयातभर फिल्मवर काम केलं. निगेटिव्हवर द्रव्य चोळून, बारीक टोकाच्या पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरायचे. त्यांचा एन्लार्जर एकदाच घेतलेला, आणि 'हत्यार स्वतःच्या मालकीचं पाहिजे' हे त्यांचं ठाम मत. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथल्या कारागिराला दुसरं कसं वाटणार. पण कागद बघून ते म्हणाले, 'म्हैस दारात बांधायची का गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन दूध प्यायचं, हे घरात पिणारी तोंडं किती त्यावर ठरतंय. रोज पिणार असशील तर म्हैस. सणासुदीला पिणार असशील तर कट्टा.' (गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून दूध देतात.) मला हे फार पटलं. अडचण एवढीच की या धंद्यात कट्टेवाला म्हणतो, वर्षभर रोज येणार असाल तरच धार काढतो.

आता 'विकत घेतलेलं कायमचं असतं' या समजुतीबद्दल. आमच्याकडे अल्बम डिझाइनचं एक सॉफ्टवेअर होतं, 'लाइफटाइम' म्हणून घेतलेलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. ते चालायचं डोंगलवर, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी किल्ली संगणकाला लावली तरच उघडायचं. २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं. संगणक आम्ही वरच्या मजल्यावर नेले, डोंगल टेबलाच्या ड्रॉवरमध्ये राहिलं आणि चिखलात गेलं. कंपनीला फोन केला, बिल दाखवलं, पुराचे फोटो पाठवले. उत्तर आलं: नवीन डोंगल म्हणजे नवीन खरेदी, पूर्ण किमतीला. त्यातल्या सगळ्या अल्बमच्या फाइली हार्ड डिस्कवर शाबूत होत्या आणि त्या उघडायचं साधन नव्हतं. कायमचं विकत घेतलेलं हत्यार असं एका ड्रॉवरमध्ये संपलं.

ओळखीच्या एका फोटोग्राफरने लाइटरूम ६ रीतसर विकत घेतलं होतं आणि वर्षानुवर्षं समाधानाने वापरलं. मग त्यांनी नवा मिररलेस कॅमेरा घेतला, आणि त्याच्या रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या कच्च्या मूळ फाइली, त्या जुन्या लाइटरूममध्ये उघडेचनात. अॅडोबचाच फुकट मिळणारा डीएनजी कन्व्हर्टर आहे, त्यातून प्रत्येक फाइल आधी डीएनजी या अॅडोबच्याच रॉ प्रकारात करून घ्यायची आणि मग लाइटरूममध्ये आणायची, असा मार्ग निघतो. निघतो, पण एका लग्नाच्या दोन-अडीच हजार फाइली रोज रात्री अशा फिरवत बसायच्या, आणि मूळ फाइलही ठेवायची म्हटलं तर डिस्कही दुप्पट. सॉफ्टवेअर तिथेच थांबलं आणि कॅमेरा पुढे गेला. कायमच्या परवान्यावर आजही चांगली सॉफ्टवेअर मिळतात. फ्रान्सच्या डीएक्सओ कंपनीचं फोटोलॅब आहे, कॅप्चर वन आहे. पण कॅप्चर वनने २०२३ पासून कायमच्या परवान्यात पुढच्या नव्या सोयी द्यायच्या थांबवल्या. घेतलं त्या दिवशी जसं असेल तसंच ते राहणार. मालकी म्हटली तरी तिलाही आतून वय असतं.

भाड्याच्या बाजूने एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, आणि त्यासाठी हळदीच्या फोटोंकडे यावं लागेल. मंडप पिवळा, झेंडूच्या माळा पिवळ्या, नवरीची साडी पिवळी, आणि अंगाला हळद. त्यात कार्यालयवाल्याने कोपऱ्यात जांभळा एलईडी लावलेला. कॅमेऱ्याला यातलं पांढरं काय हेच कळत नाही. पिवळेपणा कमी करायला पूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, निळ्याकडे सरकवला, की हळदच मरते, फिकट मातकट दिसायला लागते आणि नवरीच्या कानामागची सावली निळी पडते. तसाच ठेवला तर काविळीचा पेशंट वाटावा असा चेहरा. करायचं असतं ते असं: हळद लागलेला गाल तसाच राहू द्यायचा, न लागलेलं कपाळ, मान आणि हात यांचा रंग वेगळा सावरायचा, डोळ्यांतलं पांढरं वेगळं आणि मागचा जांभळा वेगळा. पूर्वी हे मी ब्रशने एकेका फोटोवर रंगवत बसायची. ऑक्टोबर २०२१ मध्ये लाइटरूममध्ये फोटोतला मुख्य विषय आपोआप निवडून वेगळा काढणारा मास्क आला, पुढच्या वर्षी चेहऱ्याची त्वचा, डोळे, केस वेगवेगळे निवडता यायला लागले. एप्रिल २०२३ मध्ये डीनॉइज आलं, त्याने रात्रीच्या वरातीचे, दाणेदार आलेले फोटो वाचले. या सगळ्याचे वेगळे पैसे पडले नाहीत, ते भाड्यातच आलं. सीझनमध्ये यामुळे माझी रात्रीची झोप परत मिळाली, हे मी नाकारू शकत नाही. आण्णांच्या भाषेत, त्या दिवसांत आमच्या घरात पिणारी तोंडं भरपूर असतात.

आता फुकटच्या सॉफ्टवेअरबद्दल. डार्कटेबल, रॉ-थेरपी, गिंप ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. गिंपची ३.० ही मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. मी गेल्या चातुर्मासात डार्कटेबल शिकले. रंगावरचा त्याचा ताबा उत्तम आहे, काही बाबतीत लाइटरूमपेक्षा बारीक. पण तो शिकायला वेळ मागतो, आणि हळदीचे मास्क मला तिथे हाताने काढावे लागले. वीस-तीस फोटोंसाठी आनंदाने करीन, तीन-चारशेसाठी सीझनमध्ये जमणार नाही. ॲफिनिटी या फोटो आणि डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण वेगळं. वर्षानुवर्षं 'एकदाच पैसे, भाडं नाही' म्हणून लोकांनी त्याच्यावर जीव टाकला. मार्च २०२४ मध्ये ते बनवणारी कंपनी कॅन्व्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ॲफिनिटी चक्क फुकट झालं, फक्त कॅन्व्हाचं खातं लागतं. अल्बमच्या डिझाइनसाठी आणि फोटोशॉपची रोजची निम्मी कामं करायला ते चांगलं आहे, नव्या पोरांनी जरूर वापरून बघावं. पण ते खातं कंपनीचं, आणि फुकट किती दिवस ठेवायचं हेही तीच ठरवणार.

त्या बंधूंच्या दुसऱ्या मुद्द्याकडे येते, कारण त्याने घाबरून काही जणांनी मला फोनही केले. भाडं थांबलं की फोटो जप्त होतात, हे खरं नाही. मूळ रॉ फाइली तुमच्याच हार्ड डिस्कवर असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. संगणकावरचं लाइटरूम क्लासिकसुद्धा भाडं संपल्यावर उघडतं. जुनं काम दिसतं, शोधता येतं, केलेल्या एडिटिंगसकट एक्स्पोर्टही करता येतं. बंद होतो तो डेव्हलप विभाग, म्हणजे नेहमीसारखं बारीक एडिटिंग करता येत नाही, जुन्यातही तसे बदल करता येत नाहीत. एवढं श्रेय त्या कंपनीला दिलं पाहिजे. पण दुसरी गोष्ट लक्षात घ्या. लाइटरूम तुमचा फोटो बदलत नाही, फोटोवर काय करायचं याच्या सूचना लिहून ठेवतं. त्या सूचना दुसऱ्या सॉफ्टवेअरला जशाच्या तशा वाचता येत नाहीत. तारांकन तिकडे पोचतं, नावं पोचतात, पण मी गालावरची हळद कशी राखली ते पोचत नाही. तुम्ही पुढे डार्कटेबलला गेलात, किंवा आणखी कुठे, तर रॉ फाइल तिथे पुन्हा जवळजवळ कोरी उघडते.

म्हणून मी आमच्याकडे एक पद्धत ठेवली आहे. अल्बम ग्राहकाला दिला त्याच आठवड्यात निवडलेल्या सगळ्या फोटोंच्या पूर्ण आकाराच्या तयार जेपेग काढायच्या, अल्बमच्या मुखपृष्ठाचे आणि मोठ्या फ्रेमचे १६ बिटच्या टिफमध्ये, आणि त्या रॉ फाइलींच्या शेजारच्याच फोल्डरमध्ये दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायच्या. त्यातली एक डिस्क दुकानात नसते. पुरानंतर हे सांगायची गरज आपल्या गावात पडू नये. टिफ आणि जेपेग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, कुणाचं भाडं चालू असो वा नसो. नवीन मुलं मला विचारतात की महिन्याला अमुक इतकं भाडं परवडेल का. मी त्यांना आधी विचारते, आज भाडं थांबलं तर गेल्या वर्षीच्या लग्नाचा तयार फोटो तुझ्या हातात आहे का? तो असेल तर भाडं हा फक्त खर्चाचा प्रश्न राहतो. नसेल तर दर कितीही कमी असो, तू अडकलेला आहेस.

त्याच पुरानंतर आमच्याकडे रांग लागली होती ती जुन्या फोटोंची. काचेला चिकटलेले, एकमेकांना चिकटलेले, गाळ सुकून तडकलेले. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, काचेसकट स्कॅन करायचा, हे तेव्हा कळवळून सांगावं लागायचं, कारण लोक घरीच ओढून बघायचे आणि चेहरा काचेवर राहायचा. एका आजींनी त्यांच्या लग्नाचा एकच फोटो आणला होता. मालकांचा डावा गाल आणि फेट्याचा तुरा पाण्याने धुऊन गेलेला. उजव्या गालावरून डावा उभा केला, तुरा मात्र त्या काळच्या दुसऱ्या एका वरातीच्या फोटोतला बघून रंगवला, आजींना शेजारी बसवून. 'जरा आडवा व्हता गं' म्हणाल्या, तसा आडवा केला. ते काम थरांच्या पीएसडी फाइलमध्ये, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या प्रकारात आहे. ती फाइल आज फोटोशॉपशिवायही उघडता येते, गिंपमध्ये किंवा ॲफिनिटीत, सगळे थर जसेच्या तसे येतील असं नाही पण उघडते. शेजारी टिफही आहे. अशा कामांबाबत मी सॉफ्टवेअरच्या भरवशावर राहायला तयार नाही, ते भाड्याचं असो, विकतचं असो की फुकटचं.

क्रॅकबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. आपल्या फोटोखालचं नाव कापून कुणी तो वाढदिवसाच्या फ्लेक्सवर लावला, की आपण त्याच्या दारात जाऊन भांडतो. भांडलंच पाहिजे, फोटो आपल्या मेहनतीचा आहे. मग ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं त्यांची मेहनत कुणी न विचारता घेतली तर ते बरोबर कसं? कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार संगणकावर जाणूनबुजून बेकायदा कॉपी वापरली तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. पण कायद्याहून मला भीती वाटते ती डेटाची. क्रॅक चालवायला आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या संगणकावर लोकांच्या लेकी-सुनांचे फोटो आहेत, त्याचं दार असं सताड उघडं टाकायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? भाडं परवडत नसेल तर डार्कटेबल आहे, गिंप आहे. परवडत नाही ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर आता चोरी हा एकच उपाय उरलेला नाही.

ग्राहकांनाही एक विनंती. 'फोटो तर निघालेच आहेत, मग एडिटिंगला वेगळे पैसे कसले?' हा प्रश्न आम्हाला दर लग्नात येतो. भावकीतल्या कुणीतरी मोबाइलवर फिल्टर मारून दाखवलेलं असतं. आमच्या बिलात मी आता एडिटिंगची ओळ वेगळी लिहिते, आणि सीझन संपल्यावर वर्षाच्या भाड्याचा, डिस्कचा आणि माझ्या तासांचा खर्च लग्नांच्या संख्येने भागून बघते. सॉफ्टवेअरचा वाटा त्यात सगळ्यात लहान निघतो आणि माझ्या तासांचा सगळ्यात मोठा. हे भागून बघितल्यावर रागाची जागाही बदलते. सॉफ्टवेअरवर आपण चिडतो, पण स्वतःच्या मजुरीचे पैसे मागायला मात्र आपल्यालाच संकोच वाटतो. माझ्यासारख्या घरातल्या बायका, ज्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून हे काम करतात, त्यांच्या तासांचा तर हिशोबच धरला जात नाही. तो धरा, एवढंच यानिमित्ताने सगळ्या स्टुडिओवाल्या दादांना सांगते.

आणि जिल्ह्यातल्या छायाचित्रकार संघटनांना. प्रत्येकाने एकट्याने चिडून काही होत नाही. अॅडोबची भारतात नोएडाला आणि बंगळुरूला कार्यालयं आहेत. त्यांना संघटनेच्या लेटरहेडवर, सह्यांसकट दोन मागण्या कळवाव्यात. पहिली, चातुर्मासासारख्या बिनमुहूर्ताच्या महिन्यांत हप्ता थांबवून ठेवता यावा आणि करार तितके महिने पुढे सरकावा. दुसरी, करार करताना मध्येच सोडलं तर किती पैसे पडतील हा आकडा रुपयांत, मोठ्या अक्षरात, पैसे भरायच्या बटणाच्या वर दिसावा, आणि शक्य असेल तर मराठीत. गावोगावच्या संघटनांनी हेच लिहिलं तर कुणाला तरी वाचावं लागेल. मुहूर्त नसले की लग्नं फक्त आपल्याकडेच थांबत नाहीत, मुहूर्त बघणारा सगळा देश आहे.

दुसरं, दसरा ते तुळशीचं लग्न या मोकळ्या दिवसांत एक दिवस एकत्र बसू या. एकच रॉ फाइल, हळदीचीच घेऊ, आणि ती लाइटरूममध्ये, डार्कटेबलमध्ये आणि फोटोलॅबच्या चाचणी आवृत्तीत तिघांनी शेजारी शेजारी बसून करावी. किती वेळ लागला आणि प्रिंट कशी आली ते सगळ्यांनी बघावं, प्रिंट लॅबवरच काढून, पडद्यावर नको. मग ज्याने त्याने आपली लग्नं मोजून ठरवावं की भाडं, विकत की मुक्त. हॉल संघटनेने बघावा. डार्कटेबलवर मी बसते, संगणक आणि फाइली माझ्याच आणते. येताना प्रत्येकाने स्वतःची रिकामी हार्ड डिस्क आणावी, त्याच दिवशी गेल्या सीझनच्या तयार फोटोंची दुसरी प्रत करून घेऊ.

आपली,
एक वाचक आणि छायाचित्र-व्यावसायिक
शाहूपुरी, कोल्हापूर